वाटीभर म्हणजे किती

माझं वजन एकाहत्तर किलो भरलं तो दिवस माझ्या चांगला लक्षात आहे, कारण काटा मीच मांडला होता.

मी गावातली अंगणवाडी सांभाळते. केशोरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव आहे. दर महिन्याला मुलांची वजनं घ्यायची, ती रजिस्टरात आणि मोबाइलमध्ये भरायची, ज्याचं वजन थांबलं त्याच्या आईला बोलावून समजवायचं, हे माझं काम. त्या दिवशी गरोदर बायांची तपासणी होती म्हणून उपकेंद्रातल्या सिस्टर आल्या होत्या. सगळ्या बाया आटोपल्या आणि सिस्टर वहीतून मान वर न करताच म्हणाल्या, "ताई, आता तुम्ही चढा."

"मी कायले?" मी म्हटलं. "मी का गरोदर आहो?"

बाया हसल्या. मीही हसत हसतच चढले. सिस्टरांनी आकडा मोठ्यानं वाचला नाही, नुसता लिहिला. मग टेप काढून कंबर मोजली, दंडाला पट्टा बांधून प्रेशर पाहिलं. सगळ्या बाया निघून गेल्यावर त्यांनी मला जवळ बसवलं.

"तुमची उंची पाच फुटांच्या आसपास आहे. त्या मानानं वजन बरंच जास्त झालं. प्रेशरही वर सरकून राहिलं. गोळी नको आताच, पण जेवणाकडे लक्ष द्या. किती खाता ते पाहा."

किती खाता ते पाहा. अठरा वर्षं मी लोकांना 'खाऊ घाला' एवढंच सांगत आले आहे. नऊ महिन्यांच्या लेकराला किती वाटी, दोन वर्षांच्या लेकराला किती, बाळंतिणीनं दिवसातून किती वेळा जेवायचं, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. लेकरांच्या तक्त्यावर पट्टे असतात, हिरवा, पिवळा आणि लाल. टिंब हिरव्यात पडलं की मी निश्चिंत. पण अठ्ठेचाळीस वर्षांच्या, चांगल्या धडधाकट बाईनं किती जेवावं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. मी कधी विचारलंही नव्हतं.

संध्याकाळी घरी आले तेव्हा सासूबाई तांदूळ काढत होत्या. त्यांना मी माय म्हणते. आमच्या घरात तांदूळ मायच काढतात, आणि मापानं नाही तर मुठीनं. माणशी तीन मुठी आणि एक मूठ गंजाची, भात शिजतो त्या भांड्याची. ही गंजाची मूठ कशासाठी असं मी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी विचारलं होतं, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "कोनी आला-गेला तं?" आला-गेला रोज येत नाही. मग ती मूठ आम्हीच खातो. गंजात शेवटी जो भात उरतो तो बऱ्याचदा माझ्याच ताटात पडतो, कारण टाकवत नाही.

त्या दिवशी मी पहिल्यांदा आमच्या तिघांच्या ताटांकडे बघत जेवले. मुलगी गोंदियाला कॉलेजात, होस्टेलवर राहते, म्हणून घरात तिघंच. माझ्या नवऱ्याच्या ताटात भाताचा ढीग होता. त्यावर लाखोरीच्या डाळीचं वरण, बाजूला वांगी-आलूची भाजी. त्यांनी तो ढीग संपवला आणि पुन्हा तेवढाच घेतला. माझ्या ताटात त्यांच्या निम्मा असेल. मायच्या ताटात चिमणीएवढा. आणि माझे यजमान कसे, तर बांबूसारखे. त्यांच्या पँटीला बेल्ट नसेल तर ती खाली येते.

"तुमी माझ्या दुप्पट खाता," मी म्हटलं. "मग वजन माझं काऊन वाढते?"

त्यांनी घास थांबवला नाही. "तू नजर लावून राहिली का माह्या ताटाले?"

"नाही हो, सिस्टरनं सांगतलं पाहा म्हणून."

"तुह्या ताटात पाहा म्हनलं असन. माह्या नाही."

माझ्या ताटात पाहून मला काय कळणार होतं? त्यात भात होता, वरण होतं, भाजी होती. गावातल्या कोणत्याही बाईच्या ताटात असतं तेवढंच. तेवढंच खाणारी माझ्या शेजारच्या घरातली बाई वाळून काडी झालेली, आणि मी अशी. मुलीला फोन केला. ती म्हणाली, "मम्मी, अंदाजानं काही करू नको. इथं एक मॅडम आहेत, डायट सांगतात. तू ये, मी नेते."

मार्च महिन्यातल्या एका शनिवारी मी अर्जुनीहून गाडी धरून गोंदियाला गेले. मॅडमचा दवाखाना म्हणजे एका दुकानाच्या माडीवरची खोली. भिंतीवर केळी, सफरचंद, दुधाचा ग्लास अशी चित्रं होती. मॅडम वयानं माझ्या मुलीपेक्षा थोड्याच मोठ्या असतील, पण बोलायला फार चांगल्या. गोंदियातल्या लोकांसारखं अर्धं हिंदी, अर्धं मराठी बोलायच्या.

"चावल कितना खाते हो?"

"दोन्ही टाइम," मी म्हटलं. "सकाळी कधी रातचा उरला तर तोही."

"कितना?"

मी हातानं दाखवलं. मॅडमनी माझ्या हाताकडे पाहिलं, मग मुलीकडे पाहिलं. मुलीनं डोळे खाली केले.

"और काम क्या करते हो दिनभर?"

"अंगणवाडीत आहे मी."

"मतलब बैठके काम?"

मी विचार केला. अंगणवाडीत मी बसते, उठते, लेकरांच्या मागे फिरते. पण शेतात राबणारी बाई आणि मी, यात मी बसणाऱ्यांतली. म्हणून मी म्हटलं, "हो, बसूनच."

मॅडमनी ते लिहिलं. मग एक छापील कागद काढून त्यावर पेनानं खुणा केल्या. सकाळी नाश्ता हा. दुपारी एक कटोरी भात, एक चपाती, एक कटोरी डाळ, दोन कटोरी भाजी. रात्री भात नाही, दोन चपात्या. तेल महिन्याला माणशी इतकंच. साखर इतकीच. त्या म्हणाल्या, "धीरे धीरे कम होगा. दर महिन्याला वजन कळवा."

परत येताना मी गाडीत बसून तो कागद चार वेळा वाचला. मला सगळं समजलं असं वाटलं. घरी येऊन स्वयंपाकघरात उभी राहिले तेव्हा लक्षात आलं की मला पहिला शब्दच समजलेला नाही. कटोरी म्हणजे कोणती?

आमच्या घरात वाट्या सहा प्रकारच्या निघाल्या. माझ्या लग्नात आलेल्या खोल वाट्या, त्यात पाव लिटर पाणी सहज मावेल. मुलीच्या बारशाच्या छोट्या. कोणाच्या तरी लग्नात वाटलेल्या पसरट. दह्याची, चटणीची, आणि अंगणवाडीतल्यासारखी एक. मी त्या सगळ्या ओळीनं मांडल्या आणि एकेक भातानं भरून पाहिली. दाबून भरली तर मोठ्या वाटीत दोन माणसांचं जेवण मावत होतं. सैल भरली तर अर्धं. माय दारात उभ्या राहून बघत होत्या.

"का करून राहिली वो?"

"वाटी पाहून राहिली, माय. कोणत्या वाटीनं जेवायचं ते."

"भूक लागली का ताटानं जेवा, वाटीनं तं लेकरं जेवतेत," त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या.

मी मुलीला फोन केला. तिनं मॅडमना मेसेज करून विचारलं. उत्तर आलं ते ग्रॅममध्ये. शिजलेला भात इतके ग्रॅम. आता आमच्याकडे ग्रॅमचा काटा कुठून आणायचा? धानाचा काटा आहे, तो पोत्याचा. मग दुसऱ्या दिवशी मी जे केलं ते सांगायला मला थोडी लाज वाटते. अंगणवाडीत तान्ह्या लेकरांना झोळीत घालून लटकवायचा काटा असतो. शाळा सुटल्यावर, म्हणजे लेकरं घरी गेल्यावर, मी स्वच्छ फडकं नेलं, डब्यातला भात त्यात बांधला आणि काट्याला लटकवला. काटा हललाच नाही. तो लेकरांसाठी केलेला, इतक्या थोड्या भाताची त्याला खबरच नव्हती. शेवटी किराणा दुकानातल्या भाऊंना सांगून भाताची वाटी त्यांच्या काट्यावर ठेवली. दुकानात दोन माणसं होती. एक जण म्हणाला, "मॅडम, भात विकाले काढला का?"

पण माप मिळालं. बारशाची वाटी, सैल भरलेली, वरून थोडी उंच. ती माझी वाटी ठरली.

अडचण तिथं संपली नाही. उष्णा, म्हणजे उकडा, तांदूळ संपून घरचा जुना तांदूळ काढला तर तो जास्त फुगला. तेवढेच तांदूळ टाकले आणि गंज भरून आला. म्हणजे आज वाटीत जे आहे ते परवाच्या वाटीइतकंच आहे की कमी? चपाती म्हणजे केवढी? आमच्याकडे गव्हाची पोळी सणावाराला होते, माझ्या पोळ्या जाड आणि मोठ्या होतात. कागदावर डाळ एक वाटी होती, आमचं वरण पातळ, त्यात डाळ किती आणि पाणी किती हे मलाही सांगता आलं नसतं. मी रोज काही ना काही ठरवायचे आणि दुसऱ्या दिवशी ते चुकलं असं वाटायचं.

तरी जोर होता. त्या रविवारी मी यजमानांना आणि मायना घेऊन अंगणवाडी उघडली आणि सगळ्यांची वजनं केली. यजमान चोपन्न किलो. माय एकेचाळीस. माय काट्यावर चढायला तयार नव्हत्या. "मले का विकाचं हाय?" म्हणाल्या. मी हात धरून चढवलं. आकडे एका जुन्या कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवले.

आणि मी तांदूळ काढायचं काम मायच्या हातातून घेतलं. हे मी त्यांना विचारून केलं नाही. मला वाटलं, गंजात जास्त भात असला की जास्त खाल्ला जातो, तर गंजातच कमी शिजवावा. गंजाची मूठ बंद केली. तेल अर्ध्यावर आणलं. रात्री पोळ्या करू लागले, प्रत्येकाला दोन-दोन. यजमान पहिल्या दिवशी ताटाकडे पाहत बसले.

"भात?"

"रात्री नाही."

"मी का बिमार आहो?"

"सगळ्यांनीच कमी खाल्लं तर बरं असते."

आमचे यजमान भांडत नाहीत, गप्प राहतात. उन्हाळाभर आमच्या घरात गप्प जेवण होत होतं. मायना पोळी चावत नव्हती, खालचे दात दोनच उरलेत. त्या पोळी वरणात भिजवून ठेवायच्या, अर्धी खायच्या, उरलेली म्हशीला. मी ते बघायचे आणि मला वाटायचं, म्हातारपणी भूकच कमी होते. मी अंगणवाडीची बाई. लेकरानं अर्धी वाटी टाकली तर मी त्याच्या आईला दहा प्रश्न विचारते. मायना मी एकही विचारला नाही.

माझं वजन मे अखेरीला एकोणसत्तर झालं. मी खूश होते. मॅडमना कळवलं, त्यांनी अंगठा पाठवला.

मग भाताची रोवणी लागली. आमचं शेत थोडं आहे, पण रोपांचे पऱ्हे तयार झाले की थांबता येत नाही, आणि मजूर मिळत नाहीत. दरवर्षी मी रोवणीच्या दिवसांत सुट्ट्या टाकते, आणि ज्या दिवशी सुट्टी नसते त्या दिवशी अंगणवाडी आटोपून सरळ भाताच्या बांधीत उतरते. त्या वर्षीही उतरले. सकाळी चहा आणि कागदावरचा नाश्ता. दुपारी शिदोरीत बारशाच्या वाटीनं एक वाटी भात, एक पोळी, भाजी. तिसऱ्या दिवशी तलावाखालच्या बांधीत आम्ही नऊ बाया ओळीनं रोवत होतो. पाऊस थांबलेला, ऊन पाठीवर, चिखल पोटरीपर्यंत. माझ्या हातातली जुडी संपली, दुसरी घ्यायला वाकले, आणि पाणी एकदम वर आलं असं वाटलं. पुढचं मला आठवत नाही. शुद्धीवर आले तेव्हा मी बांधीच्या कडेला धुऱ्यावर आडवी होते, तोंडात चिखल होता, आणि एक बाई माझ्या तोंडावर पाणी मारत होती.

ही बाई आमच्याच गावची, साठीची असेल, रोवणीच्या टोळीची म्होरकी. तिनं माझा डबा उघडून पाहिला.

"एवढंच आणलं?"

"जेवले मी," मी म्हटलं.

"हे जेवन होय? हे तं मांजरीचं." तिनं स्वतःच्या शिदोरीतला भात काढला, त्यावर आंबील ओतली आणि माझ्या हातात दिली. "खा. मंग बोल."

मी खाल्लं. किती खाल्लं ते मोजलं नाही. थंड, आंबट, त्यात मीठ आणि केशोरीच्या मिरचीची चटणी. खाताना मला रडू आलं. लाज होती, की भूक होती, की बरं वाटत होतं, मला अजून सांगता येत नाही. यजमान धावत आले. त्यांचं तोंड पांढरं पडलं होतं. मला मोटारसायकलवर मधे बसवून, मागून त्या बाईनं धरून, उपकेंद्रात नेलं.

सिस्टरांनी प्रेशर घेतलं, बोटातलं रक्त तपासलं, मीठ-साखरेचं पाणी पाजलं. मग विचारलं, "काल सकाळपासून काय काय केलं ते सांगा. आणि काय खाल्लं."

मी सांगायला लागले. पहाटे उठले, झाडलं, म्हशीचं केलं, पाणी भरलं, स्वयंपाक केला, अंगणवाडी, तिथून बांधीत, संध्याकाळपर्यंत रोवणी, घरी येऊन पुन्हा स्वयंपाक. सिस्टर ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "तुम्ही गोंदियाच्या मॅडमना हे सांगितलं होतं?"

"नाही."

"मग काय सांगितलं?"

"बसून काम आहे म्हणून."

मी यजमानांकडे पाहिलं. ते दारात उभे होते, खाली बघत. मग अचानक म्हणाले, "सिस्टर, आमाले बी कमी जेवाले देते ही."

मला त्याचा राग आला. सिस्टरांनी विचारलं, घरात आणखी कोण कोण आहे. मायचं नाव निघालं, वय निघालं. त्या म्हणाल्या, "त्यांना उद्या आणा."

मायना आणलं. आठ-नऊ वर्षांपूर्वी धानाची पाटी डोक्यावर घेऊन तलावाच्या पाळीनं चालणारी बाई, काट्यावर चढताना माझा खांदा धरून होती. अडतीस किलो. यजमान एक्कावन्न. मी सदुसष्ट. कमी व्हायचं होतं मला, आणि ज्यांच्याजवळ कमी करायला काही नव्हतं तेही कमी झाले होते. मी कॅलेंडरच्या मागचे आकडे आणले होते. ते मी सिस्टरांना दाखवले आणि म्हटलं, "मी पाहिलंच नाही. मी दर महिन्याला साऱ्या गावच्या लेकरांची वजनं घेते."

"आता पाहिलं ना," सिस्टर म्हणाल्या. "मायना मऊ भात द्या, तूप द्या, वरणात डाळ जास्त टाका, अंडं खात असतील तर अंडं. दोनदा नाही, चार-पाच वेळा थोडं थोडं. दातांसाठी एकदा दाखवून आणा. आणि एका गंजातून सगळ्यांना सारखं वाढू नका."

माय मधेच म्हणाल्या, "तिले नका बोलू. तिनं का मुद्दाम केलं?" त्यांनी मला वाचवलं म्हणून मला बरं वाटायला हवं होतं. मला आणखी वाईट वाटलं.

मुलीनं गोंदियाच्या मॅडमना सगळं कळवलं. मॅडमनी मला स्वतः फोन केला. "आंटी, खेत का काम पहले बताना था ना. मैं तो समझी आप दिनभर बैठते हो." चूक त्यांची नव्हती. त्यांनी विचारलं होतं. मीच माझ्या कामातून घरचं आणि बांधीतलं काम वजा करून उत्तर दिलं होतं, आणि असं का केलं ते मला अजून नीट कळत नाही. पगार अंगणवाडीचा मिळतो म्हणून असेल. किंवा रोवणी म्हणजे काम आहे असं मी कधी मनात धरलंच नसेल, जसं श्वास घेणं कोणी कामात धरत नाही.

मग आम्ही तिघींनी, मॅडम, सिस्टर आणि मी, फोनवर एक नवीन हिशेब बसवला. रोवणी-कापणीच्या दिवशी एवढं. नुसत्या अंगणवाडीच्या दिवशी एवढं. सुट्टीच्या दिवशी त्याहून कमी. भाजी सगळ्या दिवशी भरपूर. तेल कमीच राहू दे, पण माय आणि यजमानांच्या ताटात वरून घाला. सिस्टर म्हणाल्या, "रोज वजन पाहू नका. महिन्यातून एकदा, सकाळी, उपाशीपोटी. कंबर मोजा. आणि जेवण झाल्यावर अर्ध्या तासानं स्वतःला विचारा, भूक आहे का."

तांदूळ काढायचं काम मी मायच्या हातात परत दिलं. त्या दिवशी त्यांनी सहा-सात मुठी टाकल्या आणि माझ्याकडे वळून विचारलं, "तुही किती टाकू?" लग्न झाल्यापासून पहिल्यांदा त्यांनी माझी मूठ वेगळी विचारली. मी म्हटलं, "दीड." त्यांनी दोन टाकल्या. मी बघितलं आणि राहू दिलं.

पावसाळाभर यजमानांना पुन्हा भाताचा ढीग मिळू लागला. ते जेवताना बोलू लागले. तलावातल्या झिंग्यांवर, पाटाच्या पाण्यावर, कोणाच्या बांधीत करपा आला त्यावर. म्हणजे उन्हाळाभर ते भुकेनंच गप्प होते की काय? मी विचारलं तर म्हणाले, "मले का मालूम?"

पोळ्याच्या सुमाराला माय चाळीस झाल्या. यजमान चोपन्नवर आले. मी अडुसष्ट. हे वाढणं चांगलं की वाईट, मला ठरवता येईना. सिस्टर म्हणाल्या, प्रेशर ठीक आहे, कंबर दोन बोटं कमी आहे, चालू द्या.

"काय चालू देऊ?" मी विचारलं.

"जे करता तेच."

मी काय करते तेच मला नक्की माहीत नव्हतं. एखाद्या दिवशी अंगणवाडी, दुपारी थोडं निंदण, मग हळदीकुंकवाचा फराळ. तो दिवस कोणत्या खान्यात घालायचा? पाऊस पडला आणि निंदणाला जाता आलं नाही, पण भूक मात्र निंदणाची लागली. तेव्हा भुकेचं ऐकायचं की दिवसाचं? भूक सवयीची असते असं मॅडम म्हणतात. भूक खोटं बोलत नाही असं माय म्हणतात. मला दोघींचंही पटतं.

दिवाळीनंतर नवीन धान भरडून आणलं. नव्या तांदळाचा भात गिचका होतो, फुगत नाही, वाटीत जड बसतो. पुन्हा सगळी मापं बिघडली. मुलगी सुट्टीत आली होती, ती म्हणाली, "मम्मी, मी तुला छोटा काटा आणून देते, ऑनलाइन मिळतो." आणला. आता तो ओट्यावर आहे. पहिले चार दिवस मी मोजलं. मग एक दिवस शेजारची पोरगी आली, तिला पाचवा महिना आहे, काट्याकडे बघून म्हणाली, "मॅडम, मी किती जेवू?"

मी तक्त्यातलं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि थांबले. तिला विचारलं, आज सकाळपासून काय काय केलं. ती म्हणाली, "काही नाही, घरीच होती." मी म्हटलं, "घरी काय काय केलं ते सांग." ती सांगू लागली आणि संपेचना. मी तिला आमच्या गंजातला भात वाढला, वरण वाढलं. ती जेवली, आणखी घेतला. मी मोजलं नाही.

ती गेल्यावर मी माझं ताट घेतलं. रविवार होता, काही काम झालेलं नव्हतं, नव्या हिशेबाप्रमाणे दीड वाटी. दीड वाटी खाल्ली. अर्धा तास थांबून स्वतःला विचारलं, भूक आहे का. होती असं वाटलं. नव्हती असंही वाटलं. बाहेर माय उन्हात बसून पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलत होत्या. मी जाऊन त्यांच्याजवळ बसले आणि सोलता सोलता दोन-चार कच्चे दाणे तोंडात टाकले.